लाल वीट, राखेची वीट की एएसी? नागपुरातल्या एका घराचा कार्बनचा हिशेब

तुम्ही पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्रिमूर्तीनगरात वडिलांचं १९८२ सालचं एकमजली घर आहे. ते पाडून दुमजली बांधायचं, दोन्ही मजले मिळून २,००० चौरस फूट. ठेकेदार म्हणतो राखेच्या विटा घ्या, आर्किटेक्ट म्हणतात एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेची बारीक छिद्रं असलेले हलके काँक्रीटचे ठोकळे, आणि बाबा लाल विटेवर अडून बसलेत. मुलगी पर्यावरणशास्त्र शिकते. तिने विचारलं की यातलं पर्यावरणाला सगळ्यात कमी महागात पडणारं कोणतं आणि ते ठरवतात कसं. घरात कोणालाच सांगता आलं नाही.

मी चोवीस वर्षं नागपुरातच बांधकामात आहे. आधी एस्टिमेट काढायचो, आता बरीचशी कामं साहित्याच्या जीवनचक्र मूल्यांकनाची, म्हणजे एखादी वस्तू खाणीतून निघाल्यापासून मलब्यात जाईपर्यंत निसर्गाचं किती खाते हे मोजायची. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: विटेचा प्रश्न तुमच्या घरात तिसऱ्या नंबरचा आहे. पहिले दोन तुम्ही विचारलेच नाहीत. पण विटेवरून घरात भांडण आहे, तर विटेपासूनच सुरू करू.

पहिल्या-पहिल्या कामात मी एक ढोबळ चूक केली होती. एका मालकाला किलोच्या भावाने तुलना करून दिली. भाजलेल्या मातीच्या विटेला किलोमागे साधारण ०.१२ ते ०.१७ किलो कार्बन डायऑक्साइड, एएसीला साधारण ०.३५. म्हणजे एएसी दुपटीहून वाईट. कागदावर चोख. साइटवरच्या मिस्त्रीने ऐकून घेतलं, एएसीचा एक तुकडा उचलला आणि विटा भिजवायच्या टाक्यात टाकला. तो तरंगला. लाल वीट टाकली, ती बुडबुडे सोडत तळाला गेली. म्हणाला, "साहेब, भिंत वजनावर घेता का तुम्ही?"

सगळं शास्त्र त्या टाक्यात होतं. एक घनमीटर लाल विटांचं वजन दीड टनाच्या आसपास, एएसीचं ५५० ते ६५० किलो. किलोऐवजी घनमीटरवर मोजलं की दोन्ही जवळपास एका पातळीवर येतात, २०० किलोच्या आगेमागे. मग त्यात भिंतीची जाडी आणा: विटेची बाहेरची भिंत नऊ इंची, म्हणजे २३० मिलिमीटर, एएसीची २०० मिलिमीटरने भागते. मसाला कमी लागतो. भिंती हलक्या झाल्या की बीम-कॉलमवरचा भार उतरतो. म्हणजे मोजमाप बदललं की क्रम उलटतो. म्हणून आयएसओ १४०४० आणि १४०४४ ही मानकं सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारतात: ही वस्तू काय काम करणार आहे, आणि किती वर्षं? तुलना त्या कामाची करायची. "एक चौरस मीटर बाहेरची भिंत, ५० वर्षं, नागपूरच्या उन्हात" हे एकक झालं. "एक किलो वीट" हे एकक नव्हे.

आता तुमच्या घराचा हिशेब. खाली जे आकडे आहेत ते बोटावरचे आहेत, दहा-वीस टक्के इकडे-तिकडे होतील. पण कोणती गोष्ट मोठी आणि कोणती बारीक हे कळायला तेवढे पुरतात, आणि मूल्यांकनाचा निम्मा उपयोग तोच आहे.

दोन हजार चौरस फुटांना सिमेंट अंदाजे ८०० पोती, म्हणजे ४० टन. साधं ओपीसी, म्हणजे राख वगैरे न मिसळलेलं पोर्टलँड सिमेंट, धरलं तर टनाला ०.९ टन कार्बन डायऑक्साइड, एकूण ३६ टन. लोखंड चौरस फुटाला ४ किलो धरलं तर ८ टन. झोतभट्टीतल्या पोलादाला टनामागे अडीच टन धरा, म्हणजे २० टन. विटा २०,०००. भट्टीला लाख विटांमागे २० टन कोळसा धरला तर तुमच्या वाट्याला ४ टन कोळसा, त्यातून ७ टन उत्सर्जन. आपल्याकडच्या जुन्या उघड्या भट्ट्या यापेक्षा जास्त कोळसा खातात, म्हणून ८ लिहू. रेती ३२ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) आणि गिट्टी २७ ब्रास, दोन्हींचं मिळून वाहतुकीसकट दोन-सव्वादोन टन. फरशी अडीच टन. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या वजनाने जेमतेम दीडशे किलो, पण कोळशाच्या विजेवर बनलेलं नवं ॲल्युमिनियम किलोमागे १५ किलोच्या वर जातं, म्हणजे ते दीडशे किलो दोन टनांच्या पुढे. रंग, पाइप, वायर मिळून एखादा टन.

बेरीज ७२ टनांच्या आसपास. त्यातले ५६ टन सिमेंट आणि लोखंडाचे, म्हणजे पाऊण भागाच्या वर. विटा नवव्या हिश्शाएवढ्या. तीन वर्षांपूर्वी एका मालकाने विटांवरून महिनाभर डोकं खाल्लं आणि स्लॅबचं डिझाइन एका संध्याकाळी फोनवर मंजूर केलं. तसं करू नका.

दुसऱ्या नंबरचा प्रश्न हाच, सिमेंट आणि लोखंडाचा. आधी सिमेंटचं बघू. गडचांदूर, कोरपन्याच्या बाजूला कधी गेला असाल तर चुनखडीच्या खाणी आणि त्यांच्या शेजारचे सिमेंटचे कारखाने बघितले असतील. नागपूरला येणारं बरंचसं सिमेंट चंद्रपूर जिल्ह्यातलं. तिथे चुनखडी १,४०० अंशांच्या वर भाजतात. लोकांना वाटतं प्रदूषण कोळशाचं आहे, भट्टी सौरऊर्जेवर चालवली की संपलं. तसं होत नाही. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड त्या दगडातूनच निघतो, ५६ किलो चुना उरतो. जाळ कशाचाही लावा, हा वायू निघणारच. सिमेंटच्या निम्म्याहून जास्त उत्सर्जनाचं मूळ हे आहे. म्हणून कमी करायचा खरा रस्ता एकच, भाजलेला खडा, ज्याला क्लिंकर म्हणतात, तोच कमी घालायचा.

पीपीसीमध्ये, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटमध्ये, क्लिंकरच्या जागी १५ ते ३५ टक्के उडती राख असते. पोत्यावर राखेचं प्रमाण छापलेलं असतं, वाचून घ्या. स्लॅग सिमेंटमध्ये पोलाद कारखान्याची मळी २५ ते ७० टक्क्यांपर्यंत चालते, आणि भिलाई आपल्यापासून काही फार लांब नाही. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी घातलेल्या सिमेंटलाही २०२३ मध्ये आयएस १८१८९ हे भारतीय मानक मिळालं. आपल्या दुकानात मात्र सहज मिळतं ते पीपीसी, टनामागे ०.६ ते ०.६५ टन उत्सर्जनाचं. बहुतेक ठेकेदार जोडाई-प्लास्टरला पीपीसी वापरतात आणि स्लॅब आला की "ओपीसी ५३ पाहिजे" म्हणतात. कारण सेंट्रिंग लवकर सुटतं, प्लेटा दुसऱ्या साइटवर जातात. फक्त स्लॅब, बीम, कॉलमचं सिमेंट पीपीसी केलं तर तुमचे सहा टन वाचतात. अख्ख्या घराच्या विटा बदलून तेवढे वाचत नाहीत.

पण एक धोका सांगायलाच हवा, कारण तो मी भोगलाय. जानेवारीतलं काम होतं, रात्रीचा पारा दहाच्या खाली. पीपीसीचा स्लॅब, आणि ठेकेदाराने सवयीने आठव्या दिवशी टेकू काढले. मधल्या खोलीत स्लॅबला बारीकसा झोल आला. मालकाने आजतागायत दोष राखेच्या सिमेंटला दिला. दोष घाईचा होता, आणि थोडा माझाही, मी साइटवर लेखी दिलं नव्हतं. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकात साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला टेकूंची जी ७ दिवसांची मुदत आहे ती साध्या ओपीसीसाठी आहे. मिश्र सिमेंटला ताकद हळू येते, थंडीत अजून हळू. पाणी मारणं ओपीसीला किमान ७ दिवस, मिश्र सिमेंटला १०, आणि आपल्याकडच्या कोरड्या उन्हात १४ दिवस मारलेलं बरं. स्लॅबवर मसाल्याचे आळे करून पाणी साठवा, कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळा. नळी धरून सकाळ-संध्याकाळ शिंपडलेलं पाणी मे महिन्यात पंधरा मिनिटांत उडून जातं. त्यात पाणीही वाया आणि ताकदही.

लोखंडात दोन प्रश्न आहेत: किती आणि कुठलं. "किती" जास्त महत्त्वाचा. नागपुरात घराचं डिझाइन माती न तपासता करायची फार सवय आहे. काळी माती आहे म्हणून पाया मोठा घ्या, कॉलमला दोन सळया जास्त टाका, पाच इंची स्लॅब पुरत असेल तरी सहा इंची ओता. प्रत्येक जण आपल्या नावाची काळजी म्हणून थोडं-थोडं वाढवतो आणि बिल मालकाचं फाटतं. काळी माती इथे कुठे तीन फूट आहे, कुठे बारा. खाली कडक मुरूम लागला की गोष्ट वेगळी होते. दोन खड्डे घेऊन माती तपासा, स्ट्रक्चरल इंजिनिअरला तो अहवाल द्या आणि प्रत्येक सळईचा हिशेब मागा. चौरस फुटाला ४ किलोचे साडेतीन झाले तर एक टन लोखंड कमी, म्हणजे अडीच टन उत्सर्जन कमी, आणि पैसे वाचले ते वेगळे. माती खोलवर फुगणारी निघालीच तर रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा मातीसाठीच विकसित केलेल्या अंडर-रीम्ड पाइलचाही विचार होतो. खाली कांद्यासारखा फुगवटा असलेला हा बारीक खांब कधीकधी अवाढव्य फुटिंगपेक्षा कमी काँक्रीट खातो.

"कुठलं" याबद्दल एक गैरसमज पसरलाय. भंगारापासून बनलेली सळई हिरवी, असं सरसकट म्हणतात. भंगार वितळवून बनवली असेल तर खरंच उत्सर्जन निम्म्याखाली येतं. पण आपल्याकडच्या पुष्कळ इंडक्शन भट्ट्यांत भंगारासोबत स्पंज आयर्न, म्हणजे खनिजापासून थेट बनवलेलं कच्चं लोखंड, पडतं, आणि ते कोळशावर बनलेलं असेल तर फायदा सगळा जातो, उलट उत्सर्जन वाढतंही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या केली, तयार पोलादाच्या टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तरच ते हरित. विक्रेत्याला हा आकडा विचारा. सध्या बहुतेक जण तोंडाकडे बघतील. पण विचारणारे वाढले की पुढच्या वेळी उत्तर घेऊन येतील.

आता ठेकेदाराच्या राखेच्या विटेकडे येतो, कारण नागपुरात हा विषय दुसऱ्या शहरांपेक्षा वेगळा आहे. कोराडी आणि खापरखेड्याची कोळशावरची वीजकेंद्रं दारात आहेत. आपल्या कोळशात ३० ते ४० टक्के राख निघते, ती बंधाऱ्यात साठते, उन्हाळ्यात उडून लोकांच्या घरात जाते, पावसाळ्यात ओघळते. त्यामुळे राख वापरली म्हणजे पुण्य, असं इथे सहज वाटतं. १९९९ पासून केंद्राच्या अधिसूचना आहेत, आणि आता वीजकेंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या बांधकामांनी राखेचे पदार्थ वापरावेत असा नियम आहे. नागपूर तर त्या वर्तुळाच्या मध्यभागीच बसलंय.

हिशेबात राख "फुकट" धरतात. म्हणजे कोळसा जाळल्याचं सगळं पाप विजेच्या खात्यात आणि राखेच्या खात्यात शून्य. हे बऱ्याच अंशी बरोबर आहे, कारण वीजकेंद्र राखेसाठी चालत नाही. पण राखेची वीट म्हणजे नुसती राख नव्हे. तिला बांधून ठेवायला सिमेंट लागतं किंवा चुना आणि जिप्सम. आठ टक्के सिमेंट धरलं तर तुमच्या विटांच्या ६० टनांत जवळजवळ पाच टन सिमेंट आलं, म्हणजे चार टन उत्सर्जन. लाल विटेच्या आठवरून चारवर. फायदा आहे, पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही. आणि बनवणाऱ्याने ताकद येत नाही म्हणून सिमेंट बारा-तेरा टक्क्यांवर नेलं तर फरक आणखी घटतो. म्हणून विटेचा भाव विचारण्याआधी मिश्रण विचारा.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. एक किलो चांगली कोरडी राख सिमेंटमध्ये गेली तर ती किलोभर क्लिंकरची जागा घेते आणि पाऊण किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड वाचवते. तीच राख विटेत गेली तर किलोभर भाजलेल्या मातीची जागा घेते, वाचतात शंभर-दीडशे ग्रॅम. म्हणून वीजकेंद्रातल्या धूर गाळणाऱ्या यंत्राच्या हॉपरमधली कोरडी राख सिमेंटला जाऊ द्यावी, आणि बंधाऱ्यातली ओली, भरड राख विटांना, भरावाला घ्यावी, असं माझं मत आहे. तुमच्या वीटवाल्याकडे राख कुठली येते, बंद टाकीच्या बल्करमधून की उघड्या टिप्परमधून, एवढं बघितलं तरी कळतं.

विटा घ्यायला स्वतः जा. ढिगाच्या वरची वीट घेऊ नका, मधली काढा. खिळ्याने ओरखडा काढा. खोल चर पडून भुकटी निघाली तर ती वीट सोडा. एक कोरडी वीट तोलून चोवीस तास पाण्यात ठेवा आणि पुन्हा तोला. वजन वीस टक्क्यांहून जास्त वाढलं तर ती भिंत पावसाळ्यात ओल धरेल, पाच वर्षांत प्लास्टर फुगेल, आणि दुसऱ्यांदा केलेल्या प्लास्टरचं सिमेंटही याच हिशेबात धरावं लागेल. टिकाऊपणा हा पर्यावरणाचाच भाग आहे. लोक तो गुणवत्तेच्या रकान्यात टाकून विसरतात.

मग एएसीचं काय? तिची खरी बाजू उष्णतेची आहे, आणि इथे आर्किटेक्टांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. दोन्हीकडून प्लास्टर केलेली नऊ इंची विटेची भिंत एका अंशाच्या फरकाला चौरस मीटरमागे साधारण दोन वॅट उष्णता आत सोडते. आठ इंची एएसी ०.८ च्या आत. राखेची वीट यात लाल विटेच्याच पंगतीत बसते. एका बेडरूमला बाहेरची २५ चौरस मीटर भिंत, आत-बाहेर सरासरी दहा अंशांचा फरक, एसी रोज आठ तास, वर्षाला ९० दिवस, असं धरलं तर एएसीने वर्षाला ७५ युनिट वाचतात. युनिटमागे ०.७ किलो धरलं तर खोलीमागे ५० किलोच्या वर. दोन खोल्या आणि चाळीस वर्षं धरा, चार टन होतात. म्हणजे लाल विटेच्या जागी राखेची घेऊन जेवढं वाचत होतं, तेवढंच इथे वापरातून वाचतं.

पण एक अट आहे. हा हिशेब एसीच्या घराचा आहे. तुमच्या घरी अजून कूलर असेल, वाळ्याची किंवा लाकडी भुशाची ताटी लावलेला, तर कूलर बाहेरची हवा आत ओढतो आणि ती दुसऱ्या खिडकीने बाहेर पडावी लागते. खिडकी उघडी ठेवून चालणाऱ्या घरात भिंतीतून आत येणाऱ्या उष्णतेचं महत्त्व बरंच उतरतं. दिल्ली-मुंबईच्या सल्लागारांचे अहवाल मी वाचतो, त्यांत हा कूलर कधीच नसतो. मे महिन्यात ४५ अंशांत कूलरवर झोपणारं निम्मं नागपूर त्यांच्या सॉफ्टवेअरला ठाऊक नाही. म्हणून आधी घरातल्या माणसांना विचारा की पुढची वीस वर्षं एसी लावणार आहात की कूलर. भिंत त्यावर ठरवा.

आणि भिंतीच्या आधी गच्ची. उघडा काँक्रीटचा स्लॅब एका अंशाला चौरस मीटरमागे तीन वॅटच्या वर उष्णता सोडतो. २०१८ च्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीच्या केंद्रीय नियमावलीत, छतासाठी १.२ ची मर्यादा आहे. म्हणजे सगळ्यात गळकं भांडं डोक्यावर आहे आणि चर्चा भिंतींची चालते. गच्चीवर तुटक्या पांढऱ्या फरशीचा चायना मोझॅक करा, किंवा दर मार्चमध्ये चुन्याचा हात मारा. त्यासारखं स्वस्त साहित्य मला माहीत नाही. त्याखाली उष्णतारोधक थर घातला तर उत्तमच.

एएसी घेणार असाल तर काँक्रीट आणि ब्लॉक जिथे भेटतात तिथे जाळी मारूनच प्लास्टर करा. आपल्याकडे उन्हाळा-पावसाळ्यात भिंत इतकी हलते की नाहीतर दुसऱ्या वर्षी कॉलमच्या कडेने सरळ रेघ उमटते.

वाहतुकीबद्दल एक लोकप्रिय समजूत आहे की लांबचं ते वाईट. वीस टनी ट्रक, जाताना भरलेला, येताना रिकामा, असा हिशेब केला तर एक टन माल एक किलोमीटर न्यायला ६० ग्रॅमच्या आसपास येतात. मोरबीची टाइल हजार किलोमीटरच्या वर प्रवास करून येते, म्हणजे टनामागे ६० ते ७० किलो. पण ती टाइल बनतानाच टनामागे पाच-सहाशे किलो खाऊन बसलेली असते, त्यामुळे प्रवास हा तिच्या पापाचा दहावा हिस्सा. रेतीचं उलट. ती नदीतून काढायला फारसं काही लागत नाही, तिचं ओझं निम्मं ट्रकचंच. म्हणून अंतर बघायचं ते रेती, गिट्टी, मुरूम, विटांचं. टाइल आणि खिडक्यांत कारखाना बघायचा, गाव नव्हे. खिडक्यांना शक्य असेल तर पुन्हा वितळवलेलं ॲल्युमिनियम मागा. ते बनवायला नव्याच्या पाच टक्क्यांच्या आसपासच ऊर्जा लागते.

इथपर्यंत सगळं कार्बनमध्ये बोललो, आणि इथेच थांबलो तर मी तुम्हाला अर्धवट सांगितलं असं होईल. रेती बघा. कार्बनच्या हिशेबात ती जवळजवळ निर्दोष आहे. पण तुमच्या ३२ ब्रासमधली बरीचशी कन्हानच्या पात्रातून येते, आणि नागपूरचं पिण्याचं पाणी पेंच आणि कन्हानमधूनच येतं. पात्रातली वाळू हीच पाणी धरून ठेवणारी गादी. ती काढली की नदी नाल्यासारखी वाहते आणि उन्हाळ्यात काठच्या विहिरी आटतात. हे नुकसान टनांत बसत नाही, म्हणून अहवालात दिसत नाही. लाल विटेला लागणारी शेतातली वरची माती तशीच. भट्टीवर सहा महिने मुलाबाळांसह राहणारी कुटुंबंही तशीच. मी अहवालात याचं वेगळं पान करतो आणि त्याला गुण देत नाही, नुसतं लिहितो. दोन वेगळ्या गोष्टींची बेरीज करून एक सुबक आकडा काढणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

रेतीला पर्याय म्हणजे दगड फोडून केलेली कृत्रिम रेती. आपण दख्खनच्या काळ्या दगडाच्या पूर्व काठावर बसलोय, नागपुरातल्या वस्तीला गिट्टीखदान हे नाव काही उगाच पडलं नाही. पण क्रशरची चुरी आणि धुतलेली, नीट आकाराची कृत्रिम रेती यांत फरक आहे, आणि चुरीच रेती म्हणून खपवतात. बाटलीत मूठभर टाका, पाणी घाला, हलवा आणि तासभर ठेवा. वर पिठासारखा जाड थर बसला तर त्या काँक्रीटला पाणी आणि सिमेंट दोन्ही जास्त लागेल, म्हणजे नदी वाचवून चुनखडी खर्च केली.

कागदपत्रांचं थोडक्यात. विक्रेते "ग्रीन" लिहिलेलं प्रमाणपत्र दाखवतील. तुम्ही ईपीडी मागा, म्हणजे उत्पादनाच्या पर्यावरणीय परिणामांचं तपासलेलं घोषणापत्र. त्यात चार गोष्टी बघा: आकडा किलोवर आहे की घनमीटरवर, कुठल्या कारखान्याचा आहे, कारखान्याच्या फाटकापर्यंतचाच आहे की पुढचाही, आणि मुदत संपली का. ही घोषणापत्रं साधारण पाच वर्षं चालतात. युरोपातल्या कारखान्याचं घोषणापत्र इथल्या मालाला लावून दाखवणारे मी पाहिलेत. तिथली वीज वेगळी, आपली कोळशाची. वीट, रेती, स्थानिक ब्लॉकला घोषणापत्र मिळणारच नाही. तिथे जागतिक बँक समूहातल्या आयएफसीने २०१७ मध्ये केलेली भारतीय साहित्याची आकडेवारी वापरा. मुलीला ओपनएलसीए हे फुकट सॉफ्टवेअर उतरवून द्या, सुट्टीत तुमचं घर तीच मांडेल. माझे आकडे तिने खोडले तर मला आवडेल.

आणि आता तो पहिला प्रश्न, जो तुम्ही अर्ध्या ओळीत उरकला: "घर पाडून."

१९८२ च्या घराचं सिमेंट भाजून झालंय, विटा भाजून झाल्यात. ते उत्सर्जन झालं ते झालं. ते घर ठेवलं तर हिशेबात त्याचं काही लागत नाही. पाडलं तर शंभर टनांच्या घरात मलबा निघेल, आणि नागपुरात असा मलबा कुठे जातो हे रिंगरोडच्या कडेचे रिकामे प्लॉट आणि नाले बघितले की कळतं. खालचा मजला ठेवून वर एक मजला चढवता आला, तर ७२ टनांचे साधारण निम्मे होतात. सिमेंट बदलून, विटा बदलून, खिडक्या बदलून एवढं कधीच वाचणार नाही. त्या काळचं घर बहुधा भिंतींवर उभं असेल, कॉलम नसतील. त्यावर मजला चढतो की नाही हे पाया उघडून आणि स्लॅबची सळई किती गंजली ते बघूनच सांगता येतं. ही तपासणी अशा इंजिनिअरकडून करून घ्या ज्याला पुढचं बांधकाम मिळणार नाही. पाडायचं काम ज्याला मिळणार आहे तो घराला बरं म्हणणार नाही.

तपासणीत नाहीच जमलं तर पाडा, पण पहिल्या दिवशी जेसीबी लावू नका. आधी दारं-खिडक्या चौकटीसकट काढा. त्या वेळचं सागवान आज बाजारात त्या भावात सोडा, त्या वाणाचं मिळणं कठीण. फरश्या सुट्या निघाल्या तर मागच्या अंगणाला होतील. भिंती वरून हाताने उतरवा, चार मजूर आठवडाभर लागतील. जुना मसाला चुन्याचा किंवा कमी सिमेंटचा असेल तर करणीच्या दोन टोल्यांत वीट मोकळी होते. पक्क्या सिमेंटचा असेल तर निम्म्या तुटतील, तुटक्या जोत्याच्या भरावात जातील आणि तेवढा मुरूम कमी लागेल.

सात-आठ हजार अख्ख्या विटा हाताला लागल्या तरी आतल्या सगळ्या भिंती त्यांत निघतात. दोन विटा एकमेकींवर वाजवून बघा, खणखणीत आवाज आला तर ती घ्या, भद्द आला तर भरावात टाका. लावण्याआधी त्या भिजवा, जुनी वीट पाणी पिते. बाहेरच्या भिंतींना एसी असेल तर एएसी, कूलर असेल तर बंधाऱ्यातल्या राखेची वीट. आणि बाबांना सांगा, त्यांना हवी असलेली लाल वीट त्यांनी चाळीस वर्षांपूर्वीच आणून ठेवली आहे.